इंग्रजी लिहिताना काटा कुठे सरकतो?

विद्यार्थी मित्रांनो, खाली तीन इंग्रजी वाक्ये दिली आहेत. ती मुद्दामच देवनागरीत छापली आहेत, कारण आज आपल्याला स्पेलिंगकडे पाहायचे नसून वाक्याच्या बांधणीकडे पाहायचे आहे.

‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.’
‘ही इज लिव्हिंग इन कराड सिन्स फाइव्ह इयर्स.’
‘प्लीज क्लोज द फॅन.’

तिन्ही वाक्ये चुकीची आहेत. पण वाचताना तुम्हांला काही खटकले का? बहुतेकांना खटकले नसेल! उलट ती अगदी ओळखीची वाटली असतील. उत्तर साताऱ्यातल्या वाईपासून सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या जतपर्यंत कोणत्याही हायस्कुलात जा आणि निबंधाच्या वह्या उघडून पाहा. हीच वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतील. वाईच्या मुलाने जतच्या मुलाची वही पाहिलेली नसते. मग दोघे एकच चूक कशी करतात?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडायलाच हवा. लगोरी खेळताना दहा मुलांनी चेंडू मारले तर नेम चुकलेले चेंडू कुठेही पडतात, कोणी डावीकडे तर कोणी उजवीकडे. हा झाला निव्वळ योगायोगाचा भाग. पण दहाच्या दहा चेंडू लगोरीच्या उजव्या बाजूला वीतभर अंतरावर पडू लागले तर? तेव्हा आपण म्हणू, यामागे काहीतरी ठरावीक कारण आहे.

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती आला की शिक्षक आधी काय सांगतात? ‘शून्य त्रुटी पाहून घ्या.’ जबडे पूर्ण मिटल्यावरही उपकरण शून्याऐवजी ०.०२ दाखवत असेल, तर पुढचे प्रत्येक माप तेवढेच चुकणार. मात्र अशी त्रुटी फारशी भीतीदायक नसते. ती एकदा कळली की प्रत्येक मापातून वजा करता येते. आपल्या इंग्रजीलाही अशीच एक शून्य त्रुटी आहे. ती येते आपल्या मराठीतून.

चुकांचा अभ्यास

एका भाषेची सवय दुसऱ्या भाषेत कशी उतरते, याचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली असे मांडले, की मातृभाषा आणि शिकायची भाषा शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना केली, तर विद्यार्थी कुठे अडखळेल हे आधीच सांगता येईल. पुढे १९६७ साली पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने एक महत्त्वाचा भेद दाखवला. घाईत, थकव्यात हातून निसटते ती नुसती गफलत. आपण स्वतः पुन्हा वाचले की ती दुरुस्त करतो. पण जी पुन्हा पुन्हा होते आणि वाचूनही लक्षात येत नाही ती खरी चूक. ती शिकणाऱ्याच्या मनातला नियमच दाखवते. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. शिकणाऱ्याच्या मनात मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मधली एक तात्पुरती भाषा तयार होते, आणि तिलाही स्वतःचे नियम असतात, असे ते म्हणाले.

अर्थात सगळ्या चुका मातृभाषेच्या माथी मारून चालणार नाही. इंग्लंडमधले लहान मूलसुद्धा ‘वेंट’ऐवजी ‘गोड’ आणि ‘केम’ऐवजी ‘कम्ड’ म्हणते. आपल्याकडचे बाळही ‘मी केलं’ म्हणण्याऐवजी ‘मी करलं’ म्हणतेच. सापडलेला नियम सगळीकडे लावून पाहणे हा बुद्धीचा स्वभावच आहे. तेव्हा चूक म्हणजे मठ्ठपणा नव्हे. ती डोके चालू असल्याची खूण आहे.

हे सांगण्याचे कारण आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत गेला, की पुस्तके, व्याख्याने, उत्तरपत्रिका सारेच एकदम इंग्रजीत येते. गुरुत्वाकर्षण त्याला नीट समजलेले असते, पण वर्गात हात वर करायला तो धजत नाही. आपले वाक्य चुकेल आणि मागच्या बाकावरून हसू येईल, याची त्याला धास्ती वाटते. असे गप्प बसलेले कितीतरी हुशार विद्यार्थी शिक्षकांनी पाहिले असतील. म्हणून आज आपण आपल्या उपकरणाची शून्य त्रुटी मोजू या.

काळाचा काटा

मराठीत ‘हॅव’ या अर्थाचे क्रियापद नाही. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला ताप आहे’ असे म्हणतो. सगळीकडे ‘आहे’ ऐकू येते. आणि ‘मी जात आहे’ याचे इंग्रजी ‘आय अ‍ॅम गोइंग’ असे आपण पाठ केलेले असते. मग ‘आहे’ दिसले की हात आपोआप ‘अ‍ॅम’ आणि ‘इंग’कडे वळतो आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ तयार होते. इंग्रजीत ‘इंग’चे रूप चालू असलेल्या क्रियेसाठी वापरतात. भाऊ असणे ही क्रिया नसून स्थिती आहे. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ओळखणे, माहीत असणे, आवडणे, समजणे यांचेही तसेच. ‘आय अ‍ॅम नोइंग’ नव्हे, ‘आय नो’. मात्र ‘आय अ‍ॅम हॅविंग माय लंच’ हे बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जेवणे असा आहे आणि जेवणे ही क्रिया आहे.

दुसरा घोटाळा ‘पासून’ या शब्दाचा. आपण ‘१९१९ पासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. भूमितीतला बिंदू आणि रेषाखंड आठवा. काळाच्या रेषेवरचा आरंभबिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’, रेषाखंडाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. आपल्या दोन जिल्ह्यांतलेच उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती १९१९ साली, आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले तेही १९१९ सालीच. दोन्हींविषयी म्हणता येईल, ‘इट हॅज सर्व्हड स्टुडंट्स सिन्स १९१९’ किंवा ‘फॉर मोर दॅन अ हंड्रेड इयर्स’. येथे क्रियापदही पाहा. तेव्हा सुरू होऊन आजही चालू आहे, म्हणून ‘हॅज सर्व्हड’. कराडच्या त्या गृहस्थाचे वाक्यही आता दुरुस्त करता येईल: ‘ही हॅज बीन लिव्हिंग इन कराड फॉर फाइव्ह इयर्स.’

तिसरा घोटाळा याच्या उलट. मराठीत ‘मी काल त्याला पाहिले आहे’ हे वाक्य चालते. इंग्रजीत ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘१९६७ साली’ असा संपून गेलेला काळ नेमका सांगितला, की ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांना मज्जाव. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. तो लिहायचा ‘द अर्थक्वेक ऑकर्ड ऑन ११ डिसेंबर १९६७’ असा. ‘हॅज ऑकर्ड’ लिहिले तर इंग्रज वाचक गोंधळेल.

आणखी एक गोष्ट. निसर्गातली नेहमीची सत्ये साध्या वर्तमानकाळात सांगतात. ‘द कृष्णा राइझेस निअर महाबळेश्वर अँड मीट्स द कोयना अ‍ॅट कराड.’ येथे ‘इज राइझिंग’ लिहिले तर कृष्णा आज सकाळीच उगम पावायला लागली असा भास होईल!

छोटे शब्द, मोठी अडचण

वरच्या वाक्यात ‘द कृष्णा’ आणि ‘द कोयना’ लिहिले, पण ‘महाबळेश्वर’ आणि ‘कराड’ यांच्यामागे काहीच लावले नाही, हे तुमच्या लक्षात आले का? ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ या उपपदांसारखा शब्दवर्गच मराठीत नाही. त्यामुळे ती कुठे लावायची हे आपल्या कानाला सांगता येत नाही.

पण उपपदामागची कल्पना आपल्याला परकी नाही. गोष्ट सांगताना आजी म्हणते, ‘एक राजा होता. त्या राजाला सात मुली होत्या.’ पहिल्यांदा आला तेव्हा ‘एक राजा’, ओळख झाल्यावर ‘तो राजा’. इंग्रजीत पहिल्या वेळी ‘अ किंग’, दुसऱ्या वेळी ‘द किंग’. ऐकणाऱ्याला कोणता ते आता ठाऊक आहे, हे ‘द’ सांगतो. आपण हे कधी सांगतो, कधी सांगत नाही. इंग्रजीला मात्र दर वेळी सांगावेच लागते.

विशेषनामांचा नियम भूगोलाच्या तासाला पाठ करून टाकावा. नद्या आणि पर्वतांच्या रांगा यांना ‘द’ लागतो: द कृष्णा, द वारणा, द सह्याद्री, द हिमालयाज. गाव, जिल्हा, राज्य आणि एकटे शिखर यांना लागत नाही: सातारा, सांगली, महाराष्ट्र, कळसूबाई.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हा प्रश्न सोडवण्याचे एक साधन आपल्या हातात आहे, आणि ते म्हणजे आपली देवनागरी! ‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी अ‍ॅन’ असा नियम मुले पाठ करतात आणि फसतात. खरा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास. स्पेलिंग ‘एच’ने सुरू होते, पण देवनागरीत ‘अ’ येतो. म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ देवनागरीत ‘यु’ने सुरू होते, ‘य’ व्यंजन, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-डे मॅच’ ‘व’ने सुरू होते, म्हणून ‘अ वन-डे मॅच’. आता आपली लाल एस.टी. पाहा. ‘एस’ ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन एस.टी. बस’. तिचेच पूर्ण नाव लिहिले तर ‘अ स्टेट ट्रान्सपोर्ट बस’. गाडी तीच, उपपद बदलले!

छोट्या शब्दांतला दुसरा गट शब्दयोगी अव्ययांचा. मराठीत आपण सांगलीला पोहोचतो, म्हणून ‘रीच्ड टू सांगली’. बहिणीला विचारतो, म्हणून ‘आस्क्ड टू माय सिस्टर’. एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ आणि कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’. ‘ला’, ‘वर’, ‘शी’ हे प्रत्यय आपण एकेक करून इंग्रजीत नेऊन ठेवतो. इंग्रजीत ‘रीच’, ‘आस्क’, ‘डिस्कस’ यांना मध्यस्थ लागत नाही: ‘रीच्ड सांगली’, ‘आस्क्ड माय सिस्टर’, ‘डिस्कस्ड द प्रॉब्लेम’. आणि लग्न ‘टू’ने होते: ‘इज मॅरीड टू’. याला एकच उपाय, क्रियापद पाठ करताना त्याचे अव्यय किंवा अव्ययाचा अभावही सोबतच पाठ करायचा.

एक मराठी शब्द, अनेक इंग्रजी

आता शब्दांकडे वळू. ‘हवा’ हा शब्द घ्या. ‘चाकात हवा भर’, ‘आज हवा कुंद आहे’, ‘महाबळेश्वरची हवा थंड आहे’. तिन्हींकडे आपण ‘हवा’च म्हणतो. पण पहिली हवा म्हणजे वायूंचे मिश्रण, इंग्रजीत ‘एअर’. दुसरी म्हणजे आजचे हवामान, ‘वेदर’. तिसरी म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरासरीने ठरलेले त्या प्रदेशाचे हवामान, ‘क्लायमेट’. ‘द एअर ऑफ महाबळेश्वर’ असे लिहिलेत तर वाचक विचारेल, बाटलीत भरून आणली की काय? येथे इंग्रजी शब्द निवडण्यासाठी आधी विज्ञान कळावे लागते, आणि शब्द नीट निवडला की विज्ञानही पक्के होते.

‘शोध लावणे’ हेही असेच. रॉन्टगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनचा शोध लावला. मराठी वाक्ये सारखीच, पण क्ष-किरण निसर्गात आधीपासून होते. ते फक्त माणसाला सापडले. त्याला ‘डिस्कव्हर’ म्हणतात. टेलिफोन मात्र आधी कुठेही नव्हता. तो माणसाने घडवला. त्याला ‘इन्व्हेंट’ म्हणतात. ‘बेल डिस्कव्हर्ड द टेलिफोन’ असे लिहिले तर बेलसाहेबांना तो एखाद्या झुडपामागे सापडला असा अर्थ होईल.

‘कमी’ हा तिसरा शब्द. माण, आटपाडी, जत या भागांत पाऊस कमी पडतो आणि पावसाचे दिवसही कमी असतात. पाऊस मोजपात्राने मोजायचा, दिवस बोटांवर मोजायचे. जे बोटांवर मोजता येत नाही त्याला ‘लेस’, जे मोजता येते त्याला ‘फ्युअर’: ‘लेस रेन’ पण ‘फ्युअर रेनी डेज’. मोजता येणे आणि न येणे हा भेद इंग्रजीत फार महत्त्वाचा, आणि तो दर वेळी आपल्या भेदाशी जुळत नाही. आपण ‘केस पांढरे झाले’ असे अनेकवचन वापरतो. डोक्यावरच्या सगळ्या केसांना इंग्रजी ‘हेअर’ हे एकवचन वापरते. आपली कात्री एक. त्यांच्या ‘सिझर्स’ नेहमी अनेक. आपल्या बातम्या अनेक; त्यांची ‘न्यूज’ शेवटी ‘ज’ असूनही एक. आणि ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’ यांचे अनेकवचन होतच नाही.

आता पंख्याचा निकाल लावू. मराठीत दार, दुकान, नळ, पंखा, पुस्तक, सारे आपण ‘बंद’ करतो. इंग्रजीत ज्याला झडप, पाने किंवा झाकण असते ते ‘क्लोज’ होते. विजेवर चालणारे ‘स्विच ऑफ’ होते आणि नळ ‘टर्न ऑफ’ होतो.

सर्वांत गमतीची गोष्ट परीक्षेची. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत देवघेव नेमकी उलटी! तिथे विद्यार्थी ‘टेक्स’ आणि शिक्षक ‘गिव्ह्ज’. ‘आय गेव्ह माय एक्झाम यस्टर्डे’ असे पत्रात लिहिलेत, तर दूरदेशीचा वाचक तुम्हांला मास्तरच समजेल.

घरचे झालेले पाहुणे

काही इंग्रजी शब्द आपल्याकडे इतके रुळले आहेत की त्यांनी अर्थही बदलला आहे. हे शब्द इंग्रजीच आहेत, तेव्हा इंग्रजीत चालणारच, असे आपल्याला वाटते आणि तिथेच पाय घसरतो. मराठीतल्या ‘हॉटेला’त आपण चहा-भजी खातो, इंग्रजीतल्या ‘हॉटेल’मध्ये लोक मुक्कामाला उतरतात. मराठीत ‘लाइट जाते’. इंग्रजीत ‘द पॉवर गोज आउट’. आपण कागदाची ‘झेरॉक्स’ काढतो. ते एका कंपनीचे नाव आहे, वस्तूला ‘फोटोकॉपी’ म्हणावे. ‘पेपर’ आपल्याकडे सकाळी घरी येतो, दुपारी सोपा जातो आणि संध्याकाळी तपासला जातो. इंग्रजीत ‘न्यूजपेपर’ आणि ‘एक्झाम’ असे वेगवेगळे सांगितलेले बरे.

मग भारतीय वळणाचे सारे इंग्रजी चूकच का? नाही. ‘लाख’ आणि ‘क्रोर’ इंग्रजी शब्दकोशांत बसले आहेत. ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाचा आपला ‘प्रीपोन’ हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशांतही आला आहे. भाषा अशाच वाढतात. पण प्रयोगाचे वर्णन, अर्ज, परीक्षेतले उत्तर हे दूरच्या अनोळखी वाचकासाठी असते. त्याच्या मनात आपल्या मनातलाच अर्थ उतरावा, हीच कसोटी लावावी.

दुरुस्तीचे उपाय

पहिला उपाय आपल्याच मातीतला आहे. गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या टेंभू गावचे. आज टेंभू म्हटले की कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना नेणारी उपसा सिंचन योजना आठवते. आगरकरांचा जन्म तिथे १८५६ साली झाला. समाजसुधारक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण १८८८ साली त्यांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणाचे पुस्तक लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पृथक्करण हा रसायनशास्त्रातला शब्द. संयुगाचे घटक वेगळे करावेत तसे वाक्याचेही करता येतात. इंग्रजी वाक्य लिहून झाले की त्याचा कर्ता आणि क्रियापद शोधा आणि मधले शब्द क्षणभर झाकून ठेवा. ‘द वॉटर ऑफ ऑल दीज रिव्हर्स फ्लो टू द बे ऑफ बेंगॉल’ हे वाक्य कानाला बरे लागते. मधले झाका: ‘द वॉटर फ्लो’? चूक सापडली! पाणी एकवचनी, म्हणून ‘फ्लोज’. ‘वन ऑफ द स्टुडंट्स वेअर’ यातही झाकून पाहा. ‘वन’ उरतो, म्हणून ‘वॉज’.

दुसरा उपाय उलटसुलट भाषांतराचा. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या वाटेने तुम्ही घरीही जाऊ शकता. पाठ्यपुस्तकातला एक चांगला परिच्छेद घ्या, त्याचे मराठी करा आणि पुस्तक मिटून ठेवा. दोन दिवसांनी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. जिथे फरक पडेल तिथे तुमचा काटा सरकतो, असे समजा. विजेवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेले बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी आपले इंग्रजी असेच सुधारले होते. उत्तम निबंधांची टिपणे काढून ते काही दिवस बाजूला ठेवत, मग टिपणांवरून निबंध पुन्हा लिहीत आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करत. आणि इंग्रजी तर त्यांची मातृभाषा होती!

तिसरा उपाय म्हणजे चुकांची वही. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात स्वतःचे चुकलेले वाक्य, दुसऱ्यात दुरुस्त वाक्य आणि तिसऱ्यात कारण. ‘मराठीत ला, म्हणून टू घातले’ एवढे पुरे. महिनाभरात दिसेल, की शंभर चुकांमागे जेमतेम आठ-दहा कारणे आहेत. शिक्षकांनाही विनंती आहे: विद्यार्थ्याच्या वहीतली प्रत्येक ओळ लाल करण्याऐवजी एका आठवड्याला एकच प्रकार निवडावा, आणि त्याचे मूळ मराठी रूप फळ्यावर शेजारी लिहावे.

साताऱ्यातला एक विद्यार्थी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. त्याच्या घरची भाषा आपल्यासारखीच मराठी. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला म्हणून त्याला वर्गात इतरांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. इंग्रजीची पहिली अक्षरे त्याने तशा अवस्थेत गिरवली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९४७ साली भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. त्या इंग्रजी मसुद्यात शासनाला एखादी गोष्ट बंधनकारक करायची तिथे ‘शॅल’, आणि मुभा ठेवायची तिथे ‘मे’. एका छोट्या क्रियापदावर कोट्यवधी लोकांचा हक्क अवलंबून होता. शब्द नेमका का निवडायचा, याचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे? महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

तेव्हा मित्रांनो, चुकण्याच्या भीतीने गप्प बसू नका. व्हर्निअरला शून्य त्रुटी आहे म्हणून कोणी तो फेकून देत नाही. मराठी हे तर आपले पहिले आणि सर्वांत जवळचे उपकरण. त्याचा काटा कुठे सरकतो ते ओळखा, तेवढे वजा करा आणि खुशाल लिहा.

करून पाहा

खालील वाक्ये दुरुस्त करा आणि प्रत्येक चुकीचे मराठी मूळ शोधा.

१. द कोयना अर्थक्वेक हॅज ऑकर्ड इन १९६७.
२. माय सिस्टर इज नोइंग इंग्लिश.
३. वी सॉ अ एस.टी. बस निअर कृष्णा.
४. टेल मी व्हेअर इज द लायब्ररी.
५. द बुक गेव्ह मी मेनी इन्फर्मेशन्स.
६. रॉन्टगेन इन्व्हेंटेड एक्स-रेज इन १८९५.
७. वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह इन मिरज.
८. वी डिस्कस्ड अबाउट द एअर ऑफ महाबळेश्वर.

उत्तरे: १. ‘हॅज’ काढा. २. माय सिस्टर नोज इंग्लिश. ३. वी सॉ अ‍ॅन एस.टी. बस निअर द कृष्णा. ४. टेल मी व्हेअर द लायब्ररी इज. (प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो.) ५. द बुक गेव्ह मी अ लॉट ऑफ इन्फर्मेशन. ६. ‘इन्व्हेंटेड’ऐवजी ‘डिस्कव्हर्ड’. ७. वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन मिरज. ८. वी डिस्कस्ड द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर.